विश्लेषण : ना नीट बसता येत होते, ना वाकता... बाबा आमटेंची पाठदुखी काय सांगते? वेदना आणि नैराश्याचा मेंदूत संबंध कसा?

डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने तरुणांच्या सायकली निघाल्या. ज्यांच्या हाकेवर हे तरुण निघाले होते, ते ७१ वर्षांचे बाबा आमटे सोबतच्या गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. मणक्यांच्या आजारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहायचे, चालायचे किंवा पडून राहायचे, एवढेच पर्याय त्यांच्याकडे उरले होते. दीर्घकाळ चालणाऱ्या वेदनेचा मनावर परिणाम होतो आणि खचलेल्या मनामुळे वेदना वाढते. या दोन्हींचे धागे मेंदूत कुठे जुळतात, याचा उलगडा गेल्या काही दशकांत होऊ लागला आहे. ज्यांची वेदनाच हरवली आहे अशा कुष्ठरुग्णांसोबत आयुष्य काढणाऱ्या आणि स्वतः अखेरपर्यंत वेदना सोसणाऱ्या बाबांच्या जीवनातून हा विषय समजून घेता येतो.

बाबा आमटे कोण होते?

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घरची मोठी जमीनदारी होती. बाबा हे त्यांचे लहानपणापासूनचे घरातले नाव. तरुणपणी त्यांना शिकारीचा आणि मोटारीचा शौक होता. त्यांच्याकडे स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या आसनांवर बिबट्याचे कातडे होते. इंग्रजी चित्रपटांचे त्यांना वेड होते. चित्रपटविषयक नियतकालिकासाठी ते परीक्षणे लिहीत आणि हॉलीवूडच्या कलाकारांशी पत्रव्यवहारही करत.

नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. १९४२ च्या चले जाव आंदोलनात अटक झालेल्यांच्या बचावासाठी त्यांनी वकिलांची फळी उभी केली. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या इंग्रज सैनिकांना ते एकटे भिडले. हे कळल्यावर महात्मा गांधींनी त्यांना अभय साधक हे नाव दिले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. डिसेंबर १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्या साधनाताई म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या.

तुळशीराम यांच्या भेटीने काय बदलले?

वरोऱ्यात पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला एक माणूस बाबांना दिसला. त्याचे नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे झडली होती, जखमांत किडे पडले होते. ते दृश्य पाहून अभय साधक म्हणवला गेलेला माणूस घाबरून पळाला. आपल्यालाही हा रोग होईल या भीतीने त्यांना ग्रासले. पण पळून गेल्याची लाज त्या भीतीहून मोठी ठरली. ते परत आले. तुळशीरामसाठी आडोसा उभारला, त्याच्या जखमा धुतल्या. तुळशीराम वाचला नाही. मात्र बाबांच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरली.

त्यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगावरील उपचारांचे प्रशिक्षण घेतले. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. त्याच्या अभ्यासासाठी बाबांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले. तो प्रयोग यशस्वी झाला नाही आणि त्यांना रोगही झाला नाही.

कुष्ठरोगात वेदना हरवली की काय होते?

कुष्ठरोगाचा जंतू त्वचेबरोबर हातापायांच्या नसांवर हल्ला करतो. नसा निकामी झाल्या की स्पर्श, उष्णता आणि दुखणे मेंदूपर्यंत पोहोचत नाही. चुलीवरचे भांडे हाताला भाजते, पण हात मागे घेतला जात नाही. चपलेत खडा रुतला तरी माणूस दिवसभर चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोटे आखूड होत जातात.

बाबांच्याच वर्षी, १९१४ मध्ये, भारतात जन्मलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे यावर मूलभूत काम केले. बोटे झडण्यामागे जंतूने मांस खाणे हे कारण नसून बधिर अवयवाला वारंवार होणाऱ्या जखमा हे मुख्य कारण आहे, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. म्हणूनच बधिर हातापायांच्या रुग्णाला रोज तळवे डोळ्यांनी तपासायला आणि मऊ तळाची एमसीआर चप्पल वापरायला सांगितले जाते. वेदनेने द्यायचा इशारा इथे डोळ्यांना द्यावा लागतो.

याचा अर्थ कुष्ठरुग्णांना वेदना नसतात असा नाही. अनेकांना उपचार पूर्ण झाल्यावरही खराब झालेल्या नसांमुळे आग, ठणका, मुंग्या येत राहतात. बधिर हातही रात्रभर ठणकू शकतो. त्यात घर आणि गावाने तोडल्याचे दुःख मिसळते. कुष्ठरुग्णांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

आनंदवन कसे उभे राहिले?

१९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर बाबा आणि साधनाताई राहायला गेले. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता. हा सगळा मुलूख चांदा जिल्हा म्हणून ओळखला जाई. सोबत विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये होते. साप, विंचू आणि वाघ यांचा वावर होता. पाणी नव्हते. बोटे गमावलेल्या हातांनी विहीर खणण्यापासून सुरुवात झाली.

शेती पिकू लागली, गायी दूध देऊ लागल्या, पण कुष्ठरुग्णांच्या हातचे दूध आणि भाजी घ्यायला गाव तयार नव्हते. परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तिथलेच अन्न खाऊ लागले, तशी लोकांची भीती हळूहळू कमी झाली. पुढे सतरंज्या, लाकूडकाम, छपाई असे उद्योग सुरू झाले. १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. ज्या वस्तीला गाव टाळत होते, तिथेच गावातली मुले शिकायला येऊ लागली. दानापेक्षा काम आणि कमाई यांवर बाबांचा भर होता.

बाबांना नेमका कोणता त्रास होता?

मान आणि कमरेच्या मणक्यांची झीज होत जाण्याचा आजार, म्हणजे स्पाँडिलोसिस, बाबांना जडला होता. त्यासाठी शस्त्रक्रियाही झाल्या. तरीही बसणे जमेनासे झाले. पांढरी बंडी, आखूड पँट आणि हातात काठी घेऊन चालणारे बाबा ही त्यांची ओळख झाली. चालताना ते भेटीगाठी घेत आणि पडल्या पडल्या काम करत.

मणक्यातील चकती झिजली किंवा सरकली की जवळच्या नसेवर दाब येतो. सुरुवातीला दुखण्याचे कारण तिथेच असते. मात्र डॉक्टरांना एक गोष्ट अनेकदा दिसते. दोन रुग्णांच्या एमआरआयमध्ये सारखीच झीज असली तरी एकाला असह्य दुखते आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. म्हणजे किती दुखेल हे फक्त मणका ठरवत नाही. त्यात मज्जारज्जू आणि मेंदूचाही वाटा असतो.

जुनी वेदना मेंदूत काय बदल करते?

जखमेचा संदेश नसांमधून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूतील थॅलॅमस या केंद्राकडे जातो. पुढे त्याच्या दोन वाटा होतात. एका वाटेने कुठे आणि किती दुखते याची नोंद होते. दुसरी वाट इन्सुला आणि अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागांत जाते. दुखणे नकोसे, छळणारे का वाटते ते इथे ठरते. भावना आणि वेदना यांची पहिली गाठ इथेच पडते.

मेंदूकडून खाली मज्जारज्जूकडेही संदेश येत असतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मज्जारज्जूत एक प्रकारचे फाटक असते, अशी मांडणी केली. ते फाटक वेदनेचे संदेश कमी-जास्त प्रमाणात पुढे सोडते आणि मेंदू त्याच्यावर नियंत्रण ठेवू शकतो. त्या मांडणीत नंतर अनेक दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली.

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणाऱ्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा वेळी नसांची यंत्रणाच जास्त संवेदनशील होऊ शकते. माइकचा आवाज गरजेपेक्षा वाढवून ठेवला तर कुजबुजही मोठ्याने ऐकू येते, तसे साध्या हालचालीचे संदेशही वेदना म्हणून पोहोचतात. मूळ जखम बरी झाली तरी आवाज वाढलेलाच राहू शकतो.

मग नैराश्य कुठून येते?

याची चार मुख्य कारणे सांगितली जातात.

पहिले कारण रसायनांचे. मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणाऱ्या वाटांवर सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही रसायने काम करतात. मनाची उभारी, झोप आणि भूक यांच्याशीही त्यांचाच संबंध आहे. म्हणून नैराश्यावरील काही औषधे, उदाहरणार्थ ड्युलोक्सेटिन, नसांच्या दुखण्यावरही दिली जातात. नैराश्य नसलेल्या रुग्णांनाही त्यांचा उपयोग होऊ शकतो.

दुसरे कारण आनंद आणि उत्सुकतेच्या केंद्राचे. न्यूक्लियस अॅकम्बन्स हा मेंदूतील छोटा भाग एखादी गोष्ट करावीशी वाटण्याशी जोडलेला आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्याने पाठदुखी सुरू झालेल्या रुग्णांचा सुमारे वर्षभर मागोवा घेतला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या केंद्राचा मेंदूच्या पुढच्या भागाशी असलेला संपर्क ज्यांच्यात जास्त घट्ट होता, त्यांची पाठदुखी टिकून राहण्याची शक्यता जास्त होती. नैराश्यातही याच केंद्राचे काम बिघडते. आवडीच्या गोष्टींतला रस जातो.

तिसरे कारण सततच्या ताणाचे. वेदना हा शरीरासाठी न संपणारा धोक्याचा इशारा असतो. भीतीशी संबंधित अमिग्डाला जागा राहतो आणि कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांचे चक्र बिघडते. स्मरणशक्ती आणि मनःस्थिती यांत महत्त्वाच्या असलेल्या हिप्पोकॅम्पसवर त्याचा परिणाम होतो.

चौथे कारण रोजच्या जगण्याचे. दुखते म्हणून झोप होत नाही. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त दुखते. हालचाल कमी होते, स्नायू दुबळे होतात, काम सुटते, माणसे तुटतात. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. वेदनेतून नैराश्य येऊ शकते आणि आधीपासून नैराश्य असलेल्याला दीर्घकालीन वेदना जडण्याचा धोकाही वाढतो.

वेदना सोसत बाबांनी पुढे काय केले?

१९६७ मध्ये मूलजवळच्या सोमनाथ येथे प्रकल्प सुरू झाला. तिथल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातील हजारो तरुण येऊन गेले. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. आनंदवनाची धुरा डॉ. विकास आमटे यांनी सांभाळली.

१९८५ मध्ये बाबांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारत जोडो अभियानाचा कन्याकुमारी ते काश्मीर हा पहिला टप्पा निघाला. पंजाब त्या काळात धुमसत होता. १९८८ मध्ये अरुणाचल ते गुजरात असा दुसरा टप्पा झाला. १९९० मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, बाबा आनंदवन सोडून मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी कसरावद येथे राहायला गेले. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या बाजूने ते सुमारे दशकभर तिथे राहिले. सरकारने दिलेले पद्म सन्मानही त्यांनी याच प्रश्नावर परत केले.

या सगळ्या काळात पाठदुखी बरी झालेली नव्हती. बाबांनी दिनक्रम तिच्याभोवती बसवला होता. गाडीत झोपण्याची सोय, मोजके चालणे आणि भरपूर विश्रांती अशी ती व्यवस्था होती. तिच्या केंद्रस्थानी साधनाताई होत्या. बाबांचे खाणेपिणे, औषधे, आलेगेले माणूस आणि सोबतचे संपूर्ण घर त्यांनी सांभाळले. बाबांच्या सहनशक्तीबद्दल बोलताना हा आधार अनेकदा नजरेआड होतो.

म्हणजे काम केले की दुखणे पळते का?

नाही. बाबांचे उदाहरण देऊन दुखणाऱ्या माणसाला गप्प बसवणे चुकीचे ठरेल. त्यांच्या मेंदूत काय घडत होते, हे त्यांच्या कामावरून ठरवता येत नाही. नैराश्य हा इच्छाशक्तीचा अभाव नसून आजार आहे. काम करणाऱ्या, हसतमुख दिसणाऱ्या माणसालाही तो होऊ शकतो.

मात्र काही गोष्टींना विज्ञानाचा आधार आहे. झेपेल एवढी नियमित हालचाल, पुरेशी झोप, अर्थपूर्ण वाटणारे काम आणि माणसांची सोबत यांमुळे वेदनेची तीव्रता आणि नैराश्य दोन्ही कमी होण्यास मदत होते. वेदनेकडे पाहण्याची सवय बदलणाऱ्या समुपदेशनाचाही उपयोग होतो. मेंदूतील बदल कायमचेच असतात असेही नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या पाठदुखीच्या रुग्णांची उपचारांपूर्वी आणि नंतर तपासणी केली. उपचारांनी आराम पडलेल्यांत मेंदूच्या पुढच्या भागातील पातळ झालेला थर पुन्हा जाड झाल्याचे दिसले.

आनंदवनात औषधांबरोबर काम, घर आणि शेजार मिळाला. हे प्रयोग मेंदूच्या स्कॅनच्या कितीतरी आधीचे आहेत. तुटलेपण आणि रिकामे बसणे यांमुळे दुःख वाढते, हे तिथे रोज दिसत होते.

चंद्रपूर, गडचिरोलीत हा प्रश्न का महत्त्वाचा?

या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक कामे वाकून करावी लागतात. पावसाळ्यात चिखलात उभे राहून धानाची रोवणी, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफूल वेचणे, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडके बांधणे, डोक्यावर सरपण वाहणे. गडचिरोलीतील सर्च या संस्थेने गावांमध्ये केलेल्या अभ्यासातही कंबर, पाठ आणि पायांचे दुखणे मोठ्या प्रमाणावर आढळले आहे. हे जिल्हे कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळणाऱ्या भागांत मोडतात.

इथे कंबरदुखी म्हणजे वयाचा किंवा कामाचा भाग मानला जातो. तिच्याबरोबर येणारे रडू, चिडचिड, झोप उडणे आणि जगणे नकोसे होणे यांबद्दल कोणी विचारत नाही. रुग्ण, विशेषतः बाई, दवाखान्यात फक्त कंबर दाखवते. इंजेक्शन आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन परत येते. वर्षानुवर्षे स्वतःहून घेतलेल्या या गोळ्यांचा मूत्रपिंड आणि जठरावर वाईट परिणाम होऊ शकतो. काही वेळा तपासणीत मोठे काही सापडले नाही की दुखणे मनाचे आहे म्हणून सोडून दिले जाते. मेंदूचे विज्ञान नेमके याच्या उलट सांगते. मनावर परिणाम करणारी वेदनाही खरीच असते.

दवाखान्यात काय सांगावे?

दुखणे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ असेल तर डॉक्टरांना दुखण्याबरोबर झोप, भूक, कामातला रस आणि मनात येणारे विचार यांबद्दलही सांगावे. दोन्हींवर एकत्र उपचार केल्यास जास्त फायदा होतो. नैराश्यावरील गोळ्या लिहून दिल्या म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला वेडे ठरवले, असे समजू नये. त्या स्वतःहून सुरू किंवा बंदही करू नयेत. पायांत अचानक जोर न राहणे, लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण जाणे, ताप आणि वजन घटणे अशी लक्षणे असतील तर तातडीने रुग्णालय गाठावे. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतल्यास विकृती टळते.

मानसिक त्रासासाठी जिल्हा रुग्णालयात मदत मिळते. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीतही बोलता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर थांबू नये, लगेच फोन करावा आणि घरातल्या कुणाला तरी सांगावे.

बाबांची अखेर कशी झाली?

नर्मदाकाठहून बाबा आनंदवनात परतले. २००७ मध्ये त्यांना रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी आनंदवनातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता त्यांचा देह आनंदवनाच्या मातीत ठेवण्यात आला. ९ जुलै २०११ रोजी साधनाताई गेल्या. ज्या खडकाळ माळावर ते दोघे सहा रुग्णांना घेऊन आले होते, तिथे आज शाळा, महाविद्यालय, रुग्णालय आणि कारखाने आहेत. बरे झालेले कुष्ठरुग्ण, अंध, अपंग आणि मूकबधिर माणसे तिथे काम करून राहतात.